फिर्यादीची आणि सरकारी वकिलांची पहिली भेट साक्षीच्या दिवशी होऊ नये

प्रति,
मा. सहायक संचालक, जिल्हा अभियोग संचालनालय,
तथा आमच्या जिल्ह्यातील सर्व सहायक सरकारी अभियोक्ता

विषय : घरगुती छळाच्या खटल्यांत फिर्यादी महिलेची साक्षीपूर्व भेट, तडजोडीने होणाऱ्या निर्दोष सुटकांची नोंद आणि संरक्षण आदेशांचा भंग याबाबत.

महोदय/महोदया,

मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर गेली सतरा वर्षे काम करणारी वकील आहे. नवऱ्याच्या किंवा सासरच्या छळाविरुद्ध न्यायालयात आलेल्या बायकांच्या बाजूने मी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्ज चालवते, आणि त्याच बायका शेजारच्या कोर्टात कलम ४९८अ च्या, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाच्या, खटल्यात फिर्यादी म्हणून उभ्या राहतात तेव्हा न्यायालयाच्या परवानगीने अभियोक्त्यांना साहाय्य करते. म्हणजे आपल्या कार्यालयाचे काम मी बाकावर बसून आणि टेबलाशी उभी राहून असे दोन्हीकडून पाहिलेले आहे. या पत्रात जे लिहीत आहे ते कोणा एका अभियोक्त्याविषयी नाही. मी ज्यांच्यासोबत काम केले त्यांतले बहुतेक जण कष्टाळू आहेत, हे आधीच नोंदवून ठेवते.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. खटला सहा वर्षे जुना होता आणि त्या दिवशी फिर्यादीची सरतपासणी, म्हणजे अभियोक्त्यांनी प्रश्न विचारून घ्यायची मुख्य साक्ष, होती. कोर्टाबाहेरच्या एकुलत्या एका बाकावर एका टोकाला ती बसली होती आणि दुसऱ्या टोकाला तिची सासू. मधे जेमतेम दीड हात जागा, आणि त्या जागेत सासूने पाण्याची बाटली ठेवलेली. पुकारा होण्याच्या दहा मिनिटे आधी अभियोक्ता महोदयांनी दारातून विचारले, "फिर्यादी कोण?" ती उभी राहिली. त्यांनी दोषारोपपत्रातून तिचा जबाब काढून तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "एकदा वाचून घ्या, यात आहे तेच सांगायचं." ते लगेच दुसऱ्या कोर्टात निघून गेले, कारण तिथेही त्यांचे काम पुकारले गेले होते.

जबाबात काय असते ते आपण जाणताच. "किरकोळ कारणावरून वाद घालून, माहेरहून पैसे आणण्याचा तगादा लावून, उपाशीपोटी ठेवून, शिवीगाळ व हाताबुक्क्यांनी मारहाण करून शारीरिक व मानसिक छळ केला." जिल्ह्यातल्या कुठल्याही ठाण्याची कुठलीही फिर्याद उघडली तरी हेच वाक्य सापडते. तिने ते दोनदा वाचले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, यात इस्त्रीचं काहीच नाही." तिच्या उजव्या हातावर, बांगड्यांच्या वर, इस्त्रीच्या टोकाचा त्रिकोण उमटलेला होता. अगदी स्पष्ट, आजही दिसेल असा.

पिंजऱ्यात तिने इस्त्रीची गोष्ट सांगितली. उलटतपासात बचाव पक्षाच्या वकिलांनी जे करायचे ते केले. ही बाब पोलिसांना सांगितली होती का? सांगितली होती. मग जबाबात का नाही? आणि मग ते वाक्य तिच्या साक्षीत उतरले, जे आपण हजारदा लिहून घेताना ऐकले असेल : "माझ्या जबाबात तसे का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." तिने सांगितलेली सर्वांत खरी गोष्ट कागदावर नंतर रचलेली सुधारणा ठरली. ग्रामीण रुग्णालयात तिचा केसपेपर होता. त्यात भाजल्याची नोंद होती, आणि कारण म्हणून चहा सांडल्याचे तिनेच सांगितले होते, कारण नवरा शेजारी उभा होता. सांडलेला चहा त्रिकोणी भाजत नाही, हे डॉक्टरांनी शपथेवर सांगितले असते. पण डॉक्टर साक्षीदारांच्या यादीतच नव्हते. केसपेपर आहे हे अभियोक्त्यांना त्या दिवशी दुपारी कळले, तेही मी सांगितले म्हणून. साक्षीदाराला नव्याने बोलावण्याचा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३११ खालचा अर्ज तेव्हाही देता आला असता. तो दिला गेला नाही. आरोपी संशयाच्या फायद्यावर सुटला.

यात खोटे कोणीच वागले नाही. हवालदाराने सवयीने लिहिले, अभियोक्त्यांनी हातात असलेल्या कागदावरून काम चालवले आणि न्यायाधीशांनी समोरच्या पुराव्यावर निकाल दिला. पण सहा वर्षांत आपल्या कार्यालयातल्या कोणी तिच्याशी एक तास बोलले असते, तर तो त्रिकोण वेळेवर नोंदीत आला असता. माझी मुख्य मागणी एवढीच आहे, आणि बाकीच्या मागण्या तिच्यातूनच निघतात : घरगुती छळाच्या प्रत्येक खटल्यात दोषारोपपत्र दाखल झाल्यावर, आणि साक्षीच्या बऱ्याच आधी, अभियोक्त्यांनी फिर्यादी महिलेला कार्यालयात बोलावून एकदा निवांत ऐकावे.

यावर पहिला आक्षेप येईल तो साक्षीदाराला पढवण्याचा. तो गंभीर आहे, पण इथे लागू होत नाही. काय बोलायचे ते सांगणे म्हणजे पढवणे. काय घडले ते विचारणे म्हणजे पढवणे नव्हे. उलट, ऐनवेळी जबाब हातात देऊन "यात आहे तेच सांगा" म्हणणे हेच पढवण्याच्या जास्त जवळ जाते. भेटीत नवी बाब पुढे आली तर ती तपास अंमलदारांकडे पाठवावी आणि त्यांनी पुरवणी जबाब घ्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) प्रमाणे खटला सुरू असतानाही न्यायालयाच्या परवानगीने पुढील तपास करता येतो आणि तो ९० दिवसांत पूर्ण करावा लागतो. ती बाब आरोपीलाही आधी कळते, त्यामुळे त्याच्यावरही अन्याय होत नाही. छळाचे मोबाइलवरचे संदेश असतील तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र त्याच वेळी मागवता येते. आता ते दोन भागांत द्यावे लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. साक्षीच्या सकाळी आठवण झाली तर ते मिळणे शक्य नाही.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. तो मी मान्य करते. एका अभियोक्त्याकडे दोन कोर्टे, रोजच्या बोर्डावर साठ-सत्तर कामे, टंकलेखकाची वाट पाहणारे अर्ज, हे सगळे मी पाहते. पण हे खटले किरकोळ संख्येचे नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्ध ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांपैकी ३१.४ टक्के पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचे होते. दुसऱ्या कोणत्याही प्रकाराचा वाटा एवढा मोठा नव्हता. आणि नोंद होते ती थोड्यांचीच : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के होत्या. एवढी गाळणी पार करून जी ठाण्यापर्यंत आणि पुढे कोर्टापर्यंत येते, तिच्यासाठी एक तास काढणे अवघड असेल, पण तो काढावाच लागेल.

कायद्याने ही जबाबदारी आता आपल्या पदाला नेमकी जोडलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्ये जिल्हा अभियोग संचालनालयाची तरतूद आहे. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांवर संचालकांनी, सात ते दहा वर्षांच्या गुन्ह्यांवर उपसंचालकांनी आणि सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांवर सहायक संचालकांनी देखरेख ठेवायची आहे. छळाचा गुन्हा, म्हणजे जुने कलम ४९८अ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, कमाल तीन वर्षांच्या शिक्षेचा असल्यामुळे तो थेट आपल्या टेबलावर येतो. गंमत अशी की पोलीस अहवालाची छाननी करण्याचे शब्द कायद्याने उपसंचालकांपुरते वापरले आहेत आणि आपल्या वाट्याला केवळ देखरेख आली आहे. त्याच घरातली तीच बाई मेली, तर हुंडाबळीच्या कलमाखाली तिचा खटला संचालकांच्या देखरेखीत जातो. ती जिवंत आहे तोवर मात्र तिच्या दोषारोपपत्राची छाननी कोणी करावी, याविषयी हे कलम गप्प आहे. पण देखरेख या शब्दात साक्षीपूर्व भेट बसत नाही, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

आता तडजोडीविषयी, कारण आपल्या कार्यालयाचे आणि बायकांचे सर्वाधिक नुकसान तिथे होते. हा गुन्हा खालच्या कोर्टात आपसात मिटवता येत नाही. रीतसर तडजोड झाली तर खटला रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बी. एस. जोशी प्रकरणात ती वाट मोकळी केली. पण उच्च न्यायालयात जायचे म्हणजे वकिलाची फी, हेलपाटे आणि कामाचे खाडे. म्हणून तालुक्याच्या कोर्टात दुसरीच पद्धत रुळली आहे. बाई पिंजऱ्यात येते, "माझा कोणी छळ केला नाही, फिर्यादीत काय लिहिले ते मला माहीत नाही" असे सांगते. अभियोक्ता तिला फितूर, म्हणजे आपल्याच बाजूविरुद्ध गेलेली साक्षीदार, घोषित करण्याची परवानगी मागतात, दोन प्रश्न विचारतात, तिसऱ्याला "हे म्हणणे खरे नाही" असे उत्तर येते आणि खटला संपतो. बाहेर आल्यावर ती मुलाचा हात धरून नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसते, नाहीतर फारकतीच्या कागदावर सही करायला जाते. कधी पैसे मिळालेले असतात, कधी नुसते आश्वासन.

तिने तसे करू नये, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पुन्हा नांदायचे की मोकळे व्हायचे हे तिने ठरवायचे. माझी तक्रार वेगळी आहे. ती तडजोड तिने मनापासून केली की कोर्टाच्या आवारात चार जणांनी घेरून करवून घेतली, हे तिला एकटीला, सासर-माहेरच्या माणसांना बाहेर बसवून, कोणी विचारत नाही. साक्षीपूर्व भेट झाली असेल तर अभियोक्त्यांना हा फरक कळेल. दबावाची तक्रार पुढे आली तर सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला प्रकरणात मंजूर केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येईल. आणि ती खरोखर मिटवू पाहत असेल, तर तिला उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे पाठवता येईल. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे कित्येक अभियोक्त्यांच्याही लक्षात नसते. मग तिला शपथेवर खोटे बोलण्याची वेळ येणार नाही.

याला जोडूनच एक मागणी. आपल्या मासिक विवरणपत्रात निर्दोष सुटका हा एकच रकाना आहे. पुरावा तपासून आरोपी निर्दोष ठरला, तडजोडीमुळे फिर्यादी फितूर झाली, साक्षीदार सापडले नाहीत, हे सगळे त्या एका आकड्यात जाते. मग तोच आकडा घेऊन कोणीतरी सांगतो की या कलमाखालच्या बहुतेक फिर्यादी खोट्या असतात. त्या आकड्याचा तसा अर्थ होत नाही. आपल्या जिल्ह्यापुरते तरी हे तीन प्रकार वेगवेगळे नोंदवावेत. त्याला शासन निर्णय लागत नाही, एक वही पुरते.

खोट्या किंवा फुगवलेल्या फिर्यादी नसतातच, असे मी म्हणत नाही. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली नणंद, अंथरुणाला खिळलेले आजेसासरे, दिवाळीला चार दिवस येणारा दीर, यांची नावे फिर्यादीत कशी येतात ते मला माहीत आहे. काही वेळा माझ्याच अशिलांच्या फिर्यादीत ती आली आहेत, आणि माझ्या व्यवसायबंधूंनीच ती घालायला सांगितली आहेत. कोणत्याही विशिष्ट कृत्याचा उल्लेख न करता नातेवाइकांना गोवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या प्रीती गुप्ता प्रकरणापासून वारंवार बजावले आहे. अशा वेळी अभियोक्त्यांनी शेवटपर्यंत सगळ्यांविरुद्ध सारख्याच आवेशाने बोलण्याची गरज नाही. न्यायालयाच्या संमतीने एखाद्या आरोपीविरुद्धचा खटला मागे घेता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० प्रमाणे त्याआधी पीडितेला ऐकावे लागते, आणि तसे व्हायलाही हवे. माझा अनुभव असा की समोर बसून समजावले तर बाई स्वतःच म्हणते, "नणंदेनं काही केलं नाही, तिचं नाव वकिलांनी टाकलं." आठ आरोपींचा भुसभुशीत खटला दोघांवर आला की तो टिकतो.

जामिनाच्या टप्प्याविषयी थोडक्यात. अर्जावर आपला से, म्हणजे लेखी म्हणणे, जातो तेव्हा त्यात "आरोपी साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता आहे, सबब जामिनास हरकत आहे" हे छापील वाक्य असते आणि न्यायालय ते छापील म्हणूनच वाचते. अर्नेश कुमार निकालानंतर, म्हणजे २०१४ पासून, या गुन्ह्यात सरसकट अटक होत नाही आणि ते योग्यच आहे. म्हणूनच कोणत्या अटी घालायच्या हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला. आरोपीने मुलाच्या शाळेच्या दाराशी जाऊ नये, ही अट त्या बाईलाच सुचेल, कारण तो रोज तिथेच उभा राहतो. से लिहिण्याआधी तिला एक फोन करावा. जगजीत सिंग प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने जामिनासह प्रत्येक टप्प्यावर पीडितेला ऐकले जाण्याचा हक्क मान्य केलेला आहे.

गळा दाबण्याच्या घटनांकडे मी आपले विशेष लक्ष वेधते. फिर्यादीत "गळा दाबला" असे दोन शब्द असतात आणि कलम लागते ते साध्या दुखापतीचे, कारण गळ्यावर वळ नव्हता. गळा दाबल्यावर बाहेरून खूण दिसतेच असे नाही. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत रक्ताचे ठिपके येणे, काही क्षण शुद्ध हरपणे, ही लक्षणे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि एकदा गळा दाबलेला नवरा पुढे जीव घेण्याचा धोका बराच वाढतो, हे अभ्यासांतून पुढे आलेले आहे. भेटीत हे दोन शब्द दिसले की अभियोक्त्यांनी थांबून चार प्रश्न विचारावेत आणि लावलेले कलम पुरेसे आहे का ते तपासावे.

शेवटचा मुद्दा संरक्षण आदेशांचा. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्याखालचे अर्ज दिवाणी स्वरूपाचे असल्याने त्यात आपल्या कार्यालयाचा संबंध येत नाही, असे समजले जाते आणि अर्ध्यापर्यंत ते बरोबर आहे. पण संरक्षण आदेशाचा भंग हा कलम ३१ खाली गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे आणि कलम ३२ प्रमाणे एकट्या पीडितेच्या साक्षीवरही न्यायालय गुन्हा घडल्याचा निष्कर्ष काढू शकते. एवढी भक्कम तरतूद माझ्या सतरा वर्षांत मी मोजून चार वेळा वापरलेली पाहिली. आदेशाची प्रत कलम २४ प्रमाणे पक्षकारांना, पोलीस ठाण्याला आणि सेवा पुरवणाऱ्या संस्थेला जाते. अभियोक्त्यांचे नाव त्या यादीत नाही. ठाण्यात ती प्रत टपालाच्या गठ्ठ्यात राहते आणि बाई भंगाची तक्रार घेऊन गेली की तिला "कोर्टात जा" असे सांगतात. संरक्षण अधिकाऱ्यांकडून दर महिन्याला अशा आदेशांची यादी मागवून ती संबंधित कोर्टाच्या अभियोक्त्यांकडे ठेवावी, म्हणजे त्याच माणसाच्या छळाच्या खटल्यात जामीन रद्द करण्याचा अर्ज करताना ती हाताशी असेल. आज एकाच नवरा-बायकोची दोन प्रकरणे एकाच इमारतीत चालतात आणि एका कोर्टाला दुसरीकडचे ठाऊक नसते.

बाकाचे काय करायचे तेही लिहिते, कारण ते मला किरकोळ वाटत नाही. स्मृती बडदे प्रकरणात ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्ष नोंदणी केंद्र असावे असे सांगितले, आणि ते प्रकरण आपल्याच राज्यातले होते. न्यायालयाला योग्य वाटेल त्या साक्षीदाराची साक्ष तिथे घेता येते. त्यासाठी अर्ज अभियोक्त्यांनी करायचा आहे. तोवर निदान आपल्या कार्यालयातली एक खुर्ची त्या सकाळपुरती फिर्यादीला द्यावी.

पुढच्या महिन्यात माझ्या एका अशिलाची याच जिल्ह्यात सरतपासणी आहे. तिचा जबाब मी वाचला आहे, त्यात तेच वाक्य आहे. त्या वाक्याच्या बाहेर तिच्याजवळ सांगण्यासारखे बरेच आहे. एक डायरी आहे, माहेरी पाठवलेले संदेश आहेत आणि भिंतीपलीकडची एक शेजारीण आहे, जिला आजवर कोणी काही विचारलेले नाही. खटला क्रमांक मी स्वतंत्र अर्जाने आपल्याकडे दिला आहे. संबंधित अभियोक्त्यांनी कोणताही वार आणि वेळ कळवावी, मी तिला घेऊन येईन आणि बाहेर थांबेन.

आपली विश्वासू,
विधी सेवा पॅनेलवरील एक वकील